शेवटची सुई

“दोनशे गिधाडं, बेटा! वाढवून नाई सांगत. चिंचेच्या फांद्या लवून जायच्या त्यायच्या वजनानं.”

रुआबांधा वस्तीतल्या आपल्या ओट्यावर बसून हेमराज सांगत होता, आणि कमरेएवढ्या भिंतीच्या अलीकडे त्याचा शेजारी शालिकराम सुपातल्या तांदळातले खडे वेचत होता. खड्यांपेक्षा तांदूळच जास्त फेकले जात होते.

“अजी, आपल्याकडं कोंबड्या नाईत,” त्याची बायको शेवंता म्हणाली. “कोनासाठी फेकून राहिले?”

“दोनशे म्हणते! ड्यूटीवरून येता येता सायकलवरून दहा पाह्यले असतीन यानं.”

“मंग तुमी कावून नाई सांगतलं? पोरगी पयले तुमच्याच दारात आली होती.”

हे खरं होतं आणि म्हणूनच झोंबलं. उन्नती नावाची ती हिंदी-मराठी मिसळून बोलणारी मुलगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. या भागातली गिधाडं कशी होती नि कशी नाहीशी झाली, याच्या म्हाताऱ्यांकडच्या आठवणी गोळा करून ती पुस्तक करणार होती. शालिकराम पशुदवाखान्यात बत्तीस वर्षं ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारा मदतनीस होता, म्हणून ती आधी त्याच्याकडे आली. “मले काई आठवत नाई,” असं म्हणून त्याने दार लोटता लोटता हेमराजच्या घराकडे बोट दाखवलं होतं.

आज तिची तिसरी खेप. पहिल्या खेपेला हेमराजकडे चहा झाला, दुसऱ्या खेपेला पोहे, आज तर भज्यांचा वास भिंत ओलांडून येत होता. गिधाडांची संख्याही त्याच बेताने वाढत गेली होती: चाळीस, सव्वाशे, दोनशे.

तशी हेमराजबद्दलची शालिकरामची जळजळ जुनी. हेमराज पोलादाच्या प्लांटमध्ये कामाला, म्हणून बोनस त्याला. गणपतीच्या आरतीचं ताट पहिल्यांदा त्याच्या हातात. शालिकराम पाच वर्षांनी लहान, पण गुडघे दुखायचे शालिकरामचे. एवढं सगळं त्याने गिळलं होतं. पण जामुल गावाच्या पुढची पंधरा गावं ज्याने पायाखाली घातली, त्याच्या नाकासमोर या गड्याने गिधाडंही आपल्या नावावर करून घ्यावीत?

“त्या चिंचेवर त त्यायची घरटी होती, बेटा,” हेमराज पुढे म्हणाला.

“चिंच नोहे! सावर!” शालिकराम ओरडला.

सूप तिथेच टाकून त्याने भिंतीवर पाय टाकला. त्र्याहत्तराव्या वर्षी फाटकाने जाण्याइतकाही धीर त्याला उरला नव्हता. धोतर खिळ्यात अडकलं, ते उन्नतीने सोडवलं.

“आजोबा, आप तो बोले थे कुछ याद नहीं?”

“याचं आयकशील त पुस्तकात चिंच छापशील. ढोरफोडीच्या माळावर सावर होती. मेलेलं ढोर तिथं टाकत. काळी गिधाडं, पाठीवर पांढरा पट्टा. पयले कडेकडेनं बसत. लाल डोक्याचं मोठं आलं की बाकीचे सरकून जागा देत. मंग अर्ध्या घंट्यात बैल साफ. हाडं अशी, जशी भांडी घासून ठेवली. वास नाई, माशी नाई, मोकाट कुत्रं नाई.”

उन्नतीने रेकॉर्डिंग चालू असलेला मोबाइल हेमराजच्या गुडघ्यावरून उचलून शालिकरामसमोर धरला. त्या एका वीतभर सरकण्याने शालिकरामला जे सुख झालं, ते पेन्शनच्या पहिल्या दिवशीही झालं नव्हतं.

हेमराजला ते दिसलं. “वा रे वा! अन् तू काय करत होता तिथं? गिधाडाले पट्ट्या बांधत होता?”

“मी?” शालिकरामचा आवाज चढला. “पंधरा गावांतलं एक ढोर माह्या सुईबिगर त्या माळावर गेलं नाई! मरनार हे दिसे, तरी मालक हात जोडे, ‘शालिकभाऊ, एक सुई मारा, तडफड पाहवत नाई.’ मी मारो. डायक्लो, दुखनं थांबवाची. जनावर शांत पडे, मालकाचा जीव थंडा होये. शेवटची सुई म्हनत लोक. दुसऱ्याच्या हातची चालत नव्हती त्यायले!”

उन्नतीचं भजं हातातच राहिलं.

“डायक्लोफेनॅक?” तिने हळूच विचारलं.



ते औषध जनावरांसाठी बंद करायचा कागद दवाखान्यात आला तेव्हा शालिकरामने तो स्वतः वाचला होता. टोचलेलं जनावर मेलं नि गिधाडांनी खाल्लं तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, असं त्यात लिहिलं होतं. वाचून तो सायकलने माळावर गेला. सावरीवर तीन उरली होती, माना छातीवर टाकून. पुढच्या आठवड्यात एकही नाही. त्यानंतर शेवंताच्याही देखत त्याने गिधाडाचं नाव काढलं नव्हतं. आणि आज हेमराजवर कडी करायला काढलं.

हेमराज प्लांटमध्ये होता, पण मूर्ख नव्हता. मुलीच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं.

“बेटा, थे मशीन बंद कर,” तो म्हणाला. “याच्या ध्यानात नाई राहत आजकाल. दवाई त डाक्टर देत होते. हा फकत ढोराचे पाय पकडे. हो ना रे शालिक?”

इतक्या वर्षांत हेमराज त्याच्यासाठी पहिल्यांदा खोटं बोलत होता. शालिकरामने त्याच्याकडे पाहिलं. मान हलवायची, एवढंच काम होतं. पण आयुष्यभर सगळं याच्या मागून दुसऱ्या नंबरने घेतलं, आता सुटकाही याच्याच हातून घ्यायची?

“डाक्टर महिन्यातून दोनदा येत,” तो म्हणाला. “सुई माही होती. त्यायले कावून मधात आनतो? लिव पोरी. शालिकराम सीताराम हटवार, ड्रेसर.”

“आजोबा, नाम नहीं लिखा तो भी चलेगा…”

“लिव. सावरबी लिव.”

हेमराजने भज्यांची ताटली त्याच्याकडे सरकवली. कोणी हात लावला नाही. उन्नतीने वहीत नाव लिहिलं, मग पेन तसंच धरून, काहीतरी विचारायला हवं म्हणून विचारलं, “सुई कुठं देत होते?”

शालिकरामने मान जराशी वाकडी केली. स्वतःच्या कानाच्या खाली चार बोटं सोडून अंगठा टेकवला.

“हितं. पयले जागा चोळाची, मंग टोचाची. हात चांगला होता माहा. जनावर हालतबी नव्हतं.”

अंगठा बराच वेळ तिथेच होता.