मोगरीचं उपाशीपोट

भागीरथीने मोगरीच्या पुढ्यातली कोथिंबीर उचलली. पाण्याची वाटीपण उचलली. मोगरी मागच्या पायांवर उभी राहून तिच्या साडीचा काठ हुंगत राहिली.

"आई, खाऊ दे की तिला," रघू बूट घालताना म्हणाला.

"ऑपरेशन उपाशीपोटीच करतान. नसबंदीच्या शिबिरात मना नय का ठेवलेलं उपाशी?"

ओटीवर दामाजी पेपर वाचत होते. पेपरमागूनच म्हणाले, "बापाचं बीपी नाय तपासलं कधी. सशिणीचं ऑपरेशन करतोय."

रघूने बुटाची नाडी बांधली. पोटात पिल्लं नसतानाही मोगरी छातीचे केस उपटून घरटं करायची, मग सगळ्यांना चावायची. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, पिशवी काढून टाक, नाहीतर पुढे गाठ होते. एमआयडीसीतून रजा काढून, फळांच्या करंडीत घालून तो तिला घेऊन गेला.

"सकाळी काय खाल्लं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही. उपाशी ठेवलीय."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अरे, सशाला उलटी होत नाही. त्याला उपाशी ठेवायचं नसतं, आतडी थंड पडतात."

आधी त्यांनी तिला गवत खायला लावलं, मग दुपारी ऑपरेशन केलं. रात्रभर तिथेच ठेवली. सकाळी रघूच्या हातात करंडी देताना म्हणाले, "अजून तोंड लावलेलं नाही. आज संध्याकाळपर्यंत खाल्लं पाहिजे, लेंड्या पडल्या पाहिजेत. नाहीतर हातची जाईल."

घरी येऊन रघूने हे सगळं सांगितलं. भागीरथी ऐकत उभी राहिली. मग पेटीतलं जुनं मऊ लुगडं काढून तिने करंडीत अंथरलं आणि शेजारी फतकल मारून बसली.

दुपार गेली. शेपू झाला, मेथी झाली, गवत झालं. मोगरी पाठीची कमान करून तशीच बसलेली, दात कुरकुरवत. दामाजी ओटीवरून तीनदा आत येऊन गेले. चौथ्यांदा आले ते खाली बसलेच.

"दात कशाला खातेय गो ती?"

"दुखतंय. टाके वढतान. धड बसवत नय, धड निजवत नय."

"तुला काय ठावं?"

भागीरथीने कोथिंबिरीचं एक पान तोडून मोगरीच्या ओठाला लावलं.

"शिबिरातून आली, त्याच्या दुसऱ्या दिशी लावनीला गेली मी. तुमीच म्हनलात, टेम्पोत बसून आली ना, चालत त नय आली."

दामाजी करंडीकडे बघत राहिले. रघूने उगाच गवत सारखं केलं.

पान हललं. आधी नाक हललं, मग पान थोडं आत गेलं. भागीरथीने श्वास रोखून दुसरं पान पुढे केलं. तेही गेलं. दिवे लावायच्या वेळेला लुगड्यावर चार-पाच काळ्या लेंड्या दिसल्या, तर रघू पेढे मिळाल्यासारखा त्या हातावर घेऊन घरभर फिरला.

"टाक ती घान," भागीरथी हसत म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली. "भात टाकाचाय."

"बस तू," दामाजी म्हणाले. "तिला सवय झालीय तुझी."

ते आत गेले. डबे उघडल्याचे, झाकण पडल्याचे आवाज आले. मग तांदूळ धुतल्याचा आवाज आला.

"गो," आतून हाक आली, "पानी किती घालाचा?"

भागीरथी मोगरीच्या कानामागे बोट फिरवत होती.

"तांदलावर बोटाचा एक पेर."

आत तांब्या पातेल्यावर आपटला.

"कनच्या बोटाचा?"