खोटी नवरी

“काका, लग्न लागेपर्यंत याकोबाला कळलंच कसं नाही, की ओढणीआड राहेल नाही, लेआ आहे?”

हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारून दाखवायची मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि पैजेला नाही म्हणेल ती इबिदून कसली! नायजेरियातल्या अबेओकुटाच्या चर्चच्या अंगणात, मंडळीनं मिळून केलेला बायबलमधल्या याकोबाचा सिनेमा नुकताच संपला होता. त्यात याकोबाची लाडकी राहेल झाली होती सोळा वर्षांची इबिदून स्वतः, आणि राहेलच्या जागी त्याच्या गळ्यात बांधलेली थोरली बहीण लेआ झाली होती इबिदूनची सख्खी ताई फोलाके.

दिग्दर्शक अकिनलोयेकाका माईकवर खो खो हसले. “अगं, आपल्याकडे साखरपुड्याला आधी खोटी नवरी झाकून आणतातच की! मुलाकडचे ओरडतात, ‘ही आमची नव्हे, परत न्या!’ याकोब बिचारा परदेशी, त्याला ही थट्टा कुठली ठाऊक? ठेवून घेतली त्यानं! आणि फोलाकेला काय उगाच घेतलं? बघताक्षणी परत पाठवावी अशी दुसरी कोण मिळणार होती?”

अंगण हसून लोटपोट. मागून कुणीतरी ओरडलं, “परत न्या! परत न्या!” झालं, सगळ्यांनी टाळ्यांच्या तालावर तेच धरलं. इबिदूनही हसली, सगळ्यांत मोठ्यानं.

मग तिनं ताईकडे पाहिलं. फोलाकेही हसत होती, पण नुसत्या ओठांनी. तिशी उलटली होती तिची. आलेली स्थळं चहापाणी करून परत गेली होती, आणि हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि प्रश्न तर आपणच विचारला होता! इबिदूनची कानशिलं तापली.

घरी फोलाकेनंच सगळ्यांना कंदाच्या पिठाचा मऊ अमाला आणि भेंडीचं सार वाढलं. माशाचा मोठा तुकडा इबिदूनच्या ताटलीत. “गोड दिसलीस हं पडद्यावर,” म्हणाली, आणि न जेवताच आत गेली. इबिदूनच्या तोंडात घास फिरू लागला. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं!

“जेव की गं,” आई म्हणाली.

“गंमत होती ती,” बाबा म्हणाले. “पुढच्या आठवड्यात इबादानला सिनेमा दाखवताना काका हेच सांगतील, नि तिथलेही असेच हसतील बघ.”

“म्हणूनच सांगते, बाबा.” इबिदून उठून उभी राहिली. “मी आत्ता आत जाऊन ताईपुढे गुडघे टेकणार. आणि रविवारी काकांनी नि मी, दोघांनी, अख्ख्या मंडळीसमोर तिची माफी मागायची. ते नाही म्हणाले, तर सिनेमाच्या पुढच्या भागासाठी त्यांनी दुसरी राहेल शोधावी. राहेल मरते तो माझा सगळ्यांत मोठा प्रसंग गेला तरी चालेल!”