साखरेची गोळी

सकाळी मुक्ताई उठेचना. अंग घामाने थबथबलेलं, हाक मारली की नुसती कुरकुर. केदारने लेकीला तशीच उचलली. त्याच्या वडिलांनी, यज्ञेश्वरांनी, पायात चपला सरकवल्या आणि नारायण पेठेतून रिक्षा थेट मुलांच्या इमर्जन्सी विभागासमोर थांबली.

डॉक्टर यास्मिन यांनी आधी तिचा श्वास पाहिला, मग बोटाला सुई टोचून थेंब तपासला. "साखर फार उतरली आहे," त्या म्हणाल्या. लगेच शिरेतून ग्लुकोज गेलं. थोड्या वेळाने मुक्ताईने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. यज्ञेश्वरांनी पेला तिच्या ओठांशी धरला.

"मग घरी न्यायची ना?" केदारने विचारलं.

"इतक्यात नाही. घरात कुणाला मधुमेह आहे?"

"मला," यज्ञेश्वर म्हणाले. "पण औषधाला हात लावायचा नाही, हे मी तिला पक्कं शिकवलंय. ती माझं ऐकते."

"तुमचं सगळेच ऐकतात, बाबा. इलाज नसतो," केदार म्हणाला.

पुन्हा थेंब तपासला. साखर परत घसरली होती. डॉक्टरांनी ग्लुकोज वाढवलं. "काहीतरी पोटात गेलंय. काय ते कळलं, तर साखर धरून ठेवणारं इंजेक्शन देता येईल. मुक्ताई, कुठलं औषध खाल्लंस का गं?"

मुक्ताईने ठामपणे नकारार्थी मान हलवली.

यज्ञेश्वरांचा जन्म शाळेत शिकवण्यात गेला होता. हे पोर खोटं बोलत नाही, हे त्यांना दिसत होतं. ते तिच्या उशाशी बसले. "बरं, औषध राहू दे. काल रात्री काय काय खाल्लं, ते मला गोष्टीसारखं सांग."

"वरणभात. पापड. आणि तुमची साखरेची गोळी."

केदारने वडिलांकडे पाहिलं.

"तुम्ही आणायला सांगितली ना, तेव्हा मी पण एक खाल्ली. गोड नव्हती, आजोबा."

रोज जेवणाआधी ते हाक मारत, "मुक्ता, माझी साखरेची गोळी आण गं." तिने औषधाला हात लावलाच नव्हता. शिकवलेलं तिने तंतोतंत पाळलं होतं.

डॉक्टरांनी गोळीचं नाव विचारलं आणि इंजेक्शन मागवलं. "या गोळीचा अंमल उद्यापर्यंत राहील. तोवर ही इथेच."

केदारच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने ते गिळलं आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

संध्याकाळपर्यंत साखर स्थिरावली. यज्ञेश्वरांनी खिशातली गोळ्यांची पट्टी तिच्यासमोर धरली.

"हे काय आहे?"

"साखरेची गोळी."

"नाही. हे औषध आहे. मी तुला चुकीचं नाव शिकवलं."

"औषध," ती म्हणाली. मग पट्टीकडे बराच वेळ बघत राहिली. "म्हणजे तुम्हाला बरं नाहीये?"

इतकी वर्षं हे त्यांनी घरात कधी उच्चारलं नव्हतं.

"नाही गं," ते म्हणाले. "मला बरं नाहीये."

नर्स सुई घेऊन आली. मुक्ताईने एक हात तिच्यापुढे केला, दुसऱ्याने आजोबांचं बोट धरलं.