पाटीवरचं नाव

माझी बायको सायराबी गोधड्या शिवायची. मी शिंपी, त्यामुळं घरात चिंध्यांना तोटा नव्हता. शेजारच्या गुरुजींची अर्पिता तिला खाला, म्हणजे मावशी म्हणायची, लहानपणी तिच्याच गोधडीत झोपायची. पुढं अर्पितानं मुंबईत गॅलरी काढली. पहिलं प्रदर्शन सायराच्या नऊ गोधड्यांचं. पेपरात फोटो आले, तिथून पोरीचं नाव झालं. आज ती ज्याचं चित्र भिंतीला लावते त्याला परदेशातून बोलावणं येतं म्हणे.

त्या प्रदर्शनाला आम्ही दोघं मुरुमहून गेलो होतो. पाटीवर लिहिलं होतं, ‘मुरुमच्या बायका’. सायरानं विचारलं, माझं नाव कुठाय? अर्पिता म्हणाली, पुढच्या खेपेला, खाला. ती पुढची खेप वीस वर्षं आली नाही.

सायराला जाऊन दोन महिने झाले. काल अर्पिता भेटायला आली. बसली, रडली. ते रडणं खोटं नव्हतं. मग म्हणाली, गॅलरीला वीस वर्षं होतायत, खालाची अर्धी राहिलेली गोधडी मधोमध टांगायचीय, सुईसकट. खाली मोठ्या अक्षरात सायराबीचं नाव.

मी गोधडी आणून पसरली. पुरी झालेली. गेलेल्या बाईची अर्धी गोधडी आमच्या गल्लीत तशीच ठेवत नाहीत. चाळिसाव्या दिवसाच्या फातेह्याआधी रुकसाना, उम्मेहानी, कस्तुराबाई आणि इरम्मा ओट्यावर बसल्या आणि शिवून मोकळ्या झाल्या.

"चाचा, हे काय करून बसलात? मला विचारायचं तरी."

"त्यात काय विचारायचं? रीत हाय ती."

तिनं टाक्यांवरून बोट फिरवलं. ही आता एकट्या खालाची राहिली नाही, तिचं नाव घालता येणार नाही, म्हणाली.

"मग पाचजणींची घाल."

"लोकांना एक नाव लागतं, चाचा."

"एकटीनं शिवल्या तवा तू मुरुमच्या बायका लिहिलंस. आता खरंच बायकांनी शिवली, तर तुला एक नाव लागतं व्हय?"

ती गोधडीचा कोपरा सरळ करू लागली. मी म्हणालो, त्या नऊ तर तिच्या एकटीच्या होत्या, त्यांच्यावर घाल. तर म्हणे त्या कधीच्या विकल्या, लोकांच्या घरात गेल्या, विक्रीच्या कागदावर गॅलरीचंच नाव आहे. बघते म्हणाली. ते ‘बघते’ सायरानंही लई ऐकलं होतं.

उठताना तिनं गोधडीला हात घातला. "मग ही तरी द्या. मुरुमच्या बायका म्हणून लावते."

मी गोधडीची घडी घातली आणि त्या घडीवरच बसलो.

"चहा ठेवलाय," म्हणालो. "पिऊन जा."