तिसऱ्यांदा नको

मृत्युंजय दोन वर्षं जहाजावर होता म्हटल्यावर गडमुडशिंगीतली माणसं त्याच्या खांद्यावर पट्ट्या शोधायची. पट्ट्या कुठल्या डोंबलाच्या! तो तिथं जेवण वाढायचा. त्याच्या वडिलांनी, बसलिंगाप्पांनी मात्र गावभर 'पोरगं मर्चंट नेव्हीत हाय' असं ठोकून दिलं होतं. खरं सांगायचं तर पंचाईतच होती. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेलं लिंगायताचं पोरगं, गळ्यात इष्टलिंग, आणि काम कुठं, तर ख्रिस्ती लोकांच्या धर्मादाय जहाजावर. जहाज आफ्रिकेच्या बंदरात उभं राहून गरिबांची ऑपरेशनं करायचं. पुण्याचं काम खरं, पण बिनपगारी म्हटल्यावर भावकीत त्याचं कौतुक कोण करतंय?

तिथं पहिल्याच महिन्यात त्यानं माती खाल्ली. वॉर्डात नाश्ता पोचवताना एक म्हातारा हातानं नको नको करत होता. कोल्हापूरकडचा माणूस पहिल्या नकाराला थांबतोय होय! आपल्याकडं पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं, यजमानानं तिसऱ्यांदा वाढायचंच, मग पाहुण्यानं 'आता तुमचा आग्रहच हाय तर' म्हणत पोटभर जेवायचं, ही रीत. मृत्युंजयनं म्हाताऱ्याशेजारी बसून, त्याचा हात धरून, वाटीभर लापशी त्याच्या पोटात घातली. म्हाताऱ्याचं त्याच दिवशी ऑपरेशन होतं आणि त्याला उपाशी ठेवलेलं होतं. ऑपरेशन पुढं ढकलावं लागलं. जेवणघराची प्रमुख हॉलंडची बाई होती. ती आवाज न चढवता म्हणाली, "माणूस नको म्हणाला की खरं मानायचं. एवढं जमलं तरी पुष्कळ सेवा झाली." हे त्याच्या इतकं जिव्हारी लागलं, की पुढं त्यानं कुणाच्या ताटात न विचारता चमचाभर भातसुद्धा टाकला नाही.

तो घरी परतला, तर धाकट्या बहिणीला, विद्याश्रीला बघायला जयसिंगपूरचे व्यापारी यायचे होते. तिचं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. ती अप्पांना नको म्हणाली. आईला नको म्हणाली. शेवटी मृत्युंजय पाहुण्यांसाठी रुमालांच्या घड्या घालत होता, तिथं आली.

"अण्णा, मला हे नको हाय."

"पोरी आधी असंच म्हणतात," मृत्युंजय म्हणाला आणि पुढचा रुमाल घेतला.

अप्पांनी सगळी भिस्त त्याच्यावर टाकली होती. "तिथं चारशे माणसं जेवू घालतोस. आज सातच हायत. घराचं नाक राख."

मृत्युंजयनं अगदी जहाजावरच्यासारखं वाढलं. मुलाचे काका म्हणाले, "बास, नको." हा हसून पुढं गेला. मुलाच्या वडिलांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. आमच्याकडं अशा हातांवरच पोळी वाढतात. ह्यानं मान लववून तूपसुद्धा परत नेलं. मुलाच्या आईनं "नको बाई आता" म्हणून वर बघितलं, तोवर पोळ्यांची दुरडी स्वयंपाकघरात पोचली होती. अप्पा खाकरले, डोळे वटारून झाले. मृत्युंजयला वाटलं, अप्पांच्या घशात काही अडकलं, म्हणून त्यानं पाणी दिलं. पाव तासात पंगत उठली. पाहुण्यांनी हातकणंगल्याला गाडी थांबवून वडापाव खाल्ले, ही बातमी दुपारीच आली.

विद्याश्री ताटं गोळा करत होती. "त्यांनी एकदा नको म्हटलं तर पोळी माघारी नेलीस," ती म्हणाली. "मी तीन जणांना म्हटलं होतं. तिसरा तू."

लापशीची वाटी आणि तो म्हातारा मृत्युंजयच्या डोळ्यांसमोर आला. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी आतून.

तेवढ्यात मध्यस्थ मल्लेशमामांचा फोन आला. अप्पांनी तो त्याच्या हातात कोंबला. "घे, तूच निस्तर."

"पोरगी पसंत हाय बघ," मामा म्हणाले. "पण तुमच्यात पावण्याला कोण विचारतच न्हाय म्हणं. चुकलं म्हणा आन् रविवारी पुन्यांदा बोलवा."

"नको, मामा."

मामा हसले. "तसं म्हणायचंच असतंय. रविवारी घिऊन येतो."

"नको."

"आरं, लाजायचं काय त्यात? आपलीच माणसं की."

"मामा, तिसऱ्यांदा सांगतोय, नको. विद्याला नको हाय."

तिसरा नको मामांना बरोबर कळला. त्यांनी फोन ठेवला. अप्पा त्याच्याकडं न बघता चपला घालून बाहेर पडले.

मृत्युंजय भिंतीला टेकून बसला. वाढण्याच्या गडबडीत सकाळपासून त्याच्या पोटात कण नव्हता. विद्याश्री ताट घेऊन आली. दोन पुरणपोळ्या, वर तुपाची धार. तिचे डोळे ओले होते.

"अण्णा, घेणार?"

"नको," लहानपणापासूनच्या सवयीनं त्याच्या तोंडून गेलं.

"बरं," विद्याश्री म्हणाली आणि ताट आत घेऊन गेली.