बाईंनी वॉकर सोडला

मित्रांनो, मी एक जुना वॉकर आहे. मानवजातीला तिच्या पायांवर उभं करण्यासाठी माझा जन्म झाला. आता, मला चाकं नाहीत आणि कुणी उचलून पुढे ठेवल्याशिवाय मी बोटभरही सरकत नाही, ही गोष्ट वेगळी.

अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या वाकवून एका कारखान्यात मला घडवलं. माझा पहिला धनी निवृत्त पोस्टमन होता. तो मला ‘माझे चार जादा पाय’ म्हणायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी माझी ओळख करून द्यायचा. बरा झाल्यावर त्याने मला चर्चला देऊन टाकलं. तिथे अडगळीच्या खोलीत, पंख तुटलेल्या देवदूताशेजारी मी बरीच वर्षं काढली. देवदूत फारसा बोलका नव्हता.

मग बाईंचं खुब्याचं हाड मोडलं. या बाई म्हणजे चर्चच्या गायकवृंदाच्या माजी प्रमुख. अर्ध्या चर्चला त्यांनी गायला शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्याला गप्प बसायला. फादरांनी मला त्यांच्या घरी पाठवलं. बाईंनी मला खालीवर न्याहाळलं आणि सुनेला सांगितलं, “याला पडद्यामागे ठेव. लोकांना वाटेल मी म्हातारी झाले.”

“आई, तुम्ही ऐंशीच्या पुढे आहात.”

“ते त्यांना कुठे माहितेय?”

त्यातच उपवासकाळ आला. प्रभूच्या दुःखसहनाची आठवण ठेवून या दिवसांत माणसं एखादी गोष्ट सोडतात. मुलाने साखर सोडली, सुनेने मोबाइलवरच्या मालिका. बाईंनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, “मी वॉकर सोडला.”

“आई, पडाल हो!”

“प्रभूसुद्धा पडले होते. तीनदा.”

“त्यांना नवा खुबा बसवलेला नव्हता!”

बाई ऐकतात कसल्या. भिंत, टेबल, फ्रिज असे थांबे घेत त्या घरात फिरू लागल्या. बाहेर जाणं मात्र बंद झालं, कारण रस्त्यात फ्रिज नसतात. आणि त्यांचा जीव अडकला होता तो बाहेरच. शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, त्यांना क्रुसाची वाट चालायची होती. चर्चच्या भिंतींवर प्रभूच्या अखेरच्या प्रवासाची चौदा चित्रं आहेत, त्यांना स्थानं म्हणतात. प्रत्येकापाशी थांबायचं, प्रार्थना करायची, पुढे जायचं. म्हाताऱ्यांनी बाकावर बसून केली तरी भागतं. पण बाईंच्या मते ते न गाता नुसते ओठ हलवण्यासारखं होतं.

शेवटी सुनेने फादरांना बोलावलं. फादर बाईंचे जुने विद्यार्थी, आणि अजूनही थोडे बेसूर, त्यामुळे त्या घरात ते जपूनच बोलत.

“बाई, वॉकर आवडतो तुम्हाला?”

“डोळ्यांसमोर नको होतो.”

“मग तो सोडण्यात त्याग कसला? सगळ्यांसमोर त्याला धरून चाला, मग मी मानेन बाईंनी काहीतरी सोडलं.”

“काय सोडलं?”

फादरांनी चहाचा कप खाली ठेवला. “ऐट,” ते म्हणाले आणि पटकन चपला शोधायला लागले.

दोन दिवस बाई भिंत, टेबल, फ्रिज करतच फिरल्या. मग त्यांनी स्वतःच मला पडद्यामागून ओढून काढलं.

शुक्रवारी चर्चमध्ये माझा ठक ठक आवाज झाला आणि सगळा गायकवृंद वळून बघू लागला. बाईंचे कान लाल झाले, पण मूठ सुटली नाही. आधी लोक पुढे निघून जात होते. हळूहळू त्यांनीच पावलं आखडती घेतली. पाचव्या स्थानापाशी फादर वाचत होते, सैनिकांनी वाटेने चाललेल्या शिमोनाला धरून आणलं आणि क्रूस वाहायला लावला. हे मला फार पटलं. मलाही काही विचारून आणलेलं नव्हतं.

“सातवे स्थान. येशू दुसऱ्यांदा पडतो,” फादर म्हणाले, आणि नेमका गुळगुळीत फरशीवर माझा पाय सटकला. माझ्या पायाचं रबरी बूच पार झिजलं होतं. सुनेने झटकन बाईंचा दंड धरला.

“मी नाही पडले,” बाई म्हणाल्या. “वाचा पुढे. आणि जरा वरच्या पट्टीत.”

चौदाव्या स्थानापाशी त्या पोहोचल्या. एका बाजूला सून, दोन्ही मुठींत मी, आणि मागे बाईंच्याच वेगाने आलेले सगळे.

मित्रांनो, ज्याचा आधार घेऊन चालता, त्याला लपवू नका. आणि आमची रबरी बुचं वेळच्या वेळी बदलत जा. ती औषधाच्या दुकानात मिळतात.