जेठाजूंची साक्ष

पदराचं ओलं टोक पुन्हा पुन्हा फिरवूनही भांगातला शेंदूर जात नव्हता. उलट पसरत होता, फिकट गुलाबी, पार भुवईपर्यंत... आणि कचेरीमागच्या नळाखाली वाकलेल्या धनकलाला वाटलं, इतकी वर्षं ज्या बोटाने भरला त्याच बोटाचं आता तो ऐकत नाही. सवयीने ती तशीच आत गेली होती, भांग भरलेला, गळ्यात सौभाग्याची हिरवी पोत, आणि तोंडाने मात्र म्हणत होती की मुलीचा बाप कोण ते ठाऊक नाही. टेबलामागचा सुब्बा, कचेरीतला कारकून, हसला नाही, तेवढी माणुसकी त्याच्यात होती.

"दिदी, नवरा कपाळावर घेऊन आलात आणि बाप ठाऊक नाही म्हणता? खोटं निघालं तर कैद आहे. तोंड धुऊन या, विचार करून या."

रांगेतली एक बाई मात्र बोललीच, "शेंदूर उसना आणला का गं?"

उसना... नाही, उसनी हवी होती ती जेठाजूंची जबान. बापाच्या घरातल्या एकाने येऊन 'ही आमचीच पोर' एवढं म्हटलं की लेकीला, बिनिताला, नागरिकतेचा दाखला मिळणार होता, आणि तो असेल तरच बुटवलच्या नर्सिंग कॉलेजात नाव लागणार होतं. नवरा, केशव, कतारला गेला तो गेलाच. ना फोन, ना निरोप. राहिले जेठाजू, थोरले दीर, गावचे पुराण सांगणारे. बापाच्या मांडीवरून उठवलेल्या त्या लहानग्या राजपुत्राची कथा ते गायला लागले की 'मांडी' या शब्दापाशी त्यांचा सूर असा थांबायचा, जणू पुढे पाऊल टाकवत नाही, आणि अंगणातल्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. डोंगरावर गवत कापताना धनकला तोच सूर मनात घोळवायची. देव तिला भेटला तो त्या गळ्यातूनच.

आणि आज सकाळी चहाच्या टपरीवर, बिनिता आत रांगेत उभी असताना, त्याच गळ्यातून, खाली बघत, धाकट्या भावजयीला नेहमी मारायचे ती हाक, "बुहारी, मला नाही जमायचं. आज ओळख दिली की उद्या पोरगी वाटणी मागेल. केशवही तेच म्हणतो. काल बोललो त्याच्याशी."

काल.

"ते बोलतात तुमच्याशी?"

"अधूनमधून. तुझ्या जिवाला घोर नको, म्हणून नाही सांगितलं." त्यांनी टोपी नीट केली. "आणि आता कायद्यानेच वाट काढलीय की. बाप ठाऊक नाही म्हणून लिहून दे. कागदाला कुठली लाज?"

मागच्या तीजला, नवऱ्यासाठीच्या उपासाला, पाण्याचा थेंबही न घेता ती बसली होती. जेठाजूंनीच कथा सांगितली, केशवचं नाव घेऊन त्याला आयुष्य मागितलं, मी डोळे मिटून हात जोडले... आणि तेव्हा यांच्या खिशात त्या माणसाचा आवाज होता! तरीही आत्ता, नळाच्या धारेत, तोच सूर वर येत होता, नेहमीच्याच जागी थांबत होता, आणि नेहमीसारखेच डोळे भरत होते. गळा तर खोटा नव्हता. मग मी इतकी वर्षं कुणाला ऐकत होते?

ती आत गेली. कपाळ अजून गुलाबीच. खोटं आपण बोलायचं, पोरीच्या जिभेला त्याचा डाग लागू द्यायचा नाही, एवढं तिने ठरवलं होतं.

"हं, बापाचं काय?" सुब्बाने विचारलं.

धनकलाने श्वास घेतला, तेवढ्यात शेजारी उभी असलेली बिनिता म्हणाली, "मला बाप नाही, सर. कधी नव्हताच."

आवाज हलला नाही, कापला नाही. शाळेचं नाव सांगावं तसं ते वाक्य आलं, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. सुब्बाने लेखणी उचलली नाही. तो आईकडे बघत राहिला. धनकलाला मात्र तो दिसतच नव्हता. त्या घरात आपण दोघी वाट बघतो आहोत, असं ती धरून चालली होती... कुत्रं भुंकलं की दोघींचे हात थबकायचे, तिला तसंच आठवत होतं. आता दिसलं ते वेगळंच. दाराकडे तोंड करून ती एकटीच बसलेली असायची. पोर आईकडे बघत असायची, गप्प, मोठ्या माणसाच्या मायेने... आणि कधीपासून, हे विचारायचं धैर्य तिला होईना.